विचारलं तेवढंच

श्रीधरच्या घरून फोन आला की पलीकडे नेहमी नलूवहिनीच असायच्या. गेली दहाएक वर्षं असंच होतं. स्वरयंत्र काढल्यावर श्रीधर फोनवर बोलायचा नाही. सुरुवातीला एकदोनदा प्रयत्न केला, तेव्हा कुणीतरी टवाळ माणूस छळतोय असं समजून पलीकडच्यानं फोन आदळला होता. त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दुकानाचं शटर वर करून मी उदबत्ती लावत होतो आणि फोनवर वहिनींचा आवाज आला, तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. माझं औषधांचं दुकान. त्याच्या गळ्याशी बांधायला मऊ कापड, कापूस, असं काहीबाही त्या नेहमीच सांगायच्या. "भाऊजी, दुकान उघडलंत का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "हो, आत्ताच. बोला." मग त्या म्हणाल्या, "मग बंद करा आणि या... हे गेले."

आदल्या संध्याकाळीच मी त्याला दवाखान्यात भेटून आलो होतो. न्यूमोनियानं छाती भरली होती. नवीनच लागलेली एक नर्स ऑक्सिजनचा मास्क त्याच्या नाकावर बसवू लागली, तर त्यानं हळूच तिचा हात धरला आणि मास्क खाली आणून गळ्याच्या खळगीवर ठेवला. श्वास तो तिथल्या भोकातूनच घ्यायचा. ती पोर बिचारी ओशाळली आणि श्रीधर हसला. त्याच्या हसण्याला आवाज नसे, नुसते खांदे हलत. मला वाटलं, हसतोय म्हणजे निभावेल. जन्म औषधं विकण्यात गेला तरी अशा वेळी माणूस असल्याच खुणांवर विसंबतो.

श्रीधर आणि मी पहिलीपासून एका वर्गात. घरं वरच्या आळीत, मध्ये फक्त एक चिऱ्याचा गडगा, कमरेएवढी दगडी भिंत. त्याचा आवाज म्हणजे आमच्या अख्ख्या आळीची मालमत्ता होती. गणपतीत त्यानं आपल्या घरी आरतीचा पहिला सूर लावला की आमची आई निरांजन पेटवायला घ्यायची. पुढे तो फौजदारी वकील झाला आणि त्या आवाजाला हक्काची जागा मिळाली. कोर्टाबाहेरचा चहावाला म्हणायचा, "आज श्रीधर वकिलांची उलटतपासणी हाय, आता तासभर गिऱ्हाईक नाय." सगळे आत ऐकायला बसलेले असायचे. तो ओरडायचा मात्र कधीच नाही. अगदी साधे, हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारत साक्षीदाराला एकेक पायरी खाली उतरवायचा. तो बिचारा काही जास्तीचं सांगू लागला की श्रीधर गोड आवाजात म्हणायचा, "विचारलं तेवढंच सांगा." हे त्याचं पालुपद होतं. आम्ही मित्र त्याची नक्कल करायचो आणि तो खूश व्हायचा.

अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत त्याचा घसा बसला. आरत्यांनी बसला, असं तोच सगळ्यांना सांगत होता. दिवाळी आली तरी घसा सुटला नाही, तेव्हा तो मुंबईला गेला. तिथल्या डॉक्टरांनी गाठ दाखवली आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल म्हणून सांगितलं. वहिनी सांगायच्या, हे डॉक्टरांशी जामिनाच्या अर्जावर भांडावं तसे भांडले. किरणांचा शेक देऊन भागणार नाही का, अर्धंच काढता येणार नाही का, सहा महिने थांबलं तर काय होईल... डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचे मुद्दे चांगले आहेत. पण गाठ ऐकणार नाही." ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी श्रीधरनं रत्नागिरीला आईला फोन केला. त्याच्या आईला आम्ही सगळे माई म्हणायचो. तो तिच्याशी खूप वेळ बोलला आणि बोलला काय, तर नारळ पाडायला गडी आला का, पंपाचा आवाज अजून येतो का, शेजारच्या म्हशीला काय झालं. माई नंतर कौतुकानं सांगायच्या, "मुंबईहून एवढं बिल करून म्हशीची चौकशी करीत होता हो!" आईशी त्या आवाजात तो शेवटचं बोलतोय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गळ्यातून हवा येत नाही म्हटल्यावर बोलायचं कसं, तर तोंडानं हवा गिळायची, ती ढेकरासारखी परत आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचे. मुंबईत राहून तो हे शिकला. तीन-चार शब्द झाले की हवा संपायची, पुन्हा गिळायची. आवाज जाडाभरडा, खोल विहिरीतून आल्यासारखा. पहिल्यांदा तो मला "बापू... कसा आहेस" म्हणाला, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघत उभा राहिलो होतो.

सगळ्यात वाईट झालं ते माईंचं. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. मुलाचं सगळं असणं त्यांच्यासाठी त्याच्या आवाजात होतं. श्रीधर घरी आला, त्यांच्याजवळ बसला, "आई" म्हणाला आणि माईंनी पटकन पदर सावरला. "कोण आलंय गं नलू?" वहिनींनी सांगितलं, श्रीधरनं सांगितलं, मीही सांगितलं. त्यांना बुद्धीनं कळायचं, पण मन मानायचं नाही. शेवटी तो नुसता त्यांचा हात हातात घेऊन बसू लागला. त्या त्याची बोटं चाचपायच्या आणि म्हणायच्या, "हात माझ्या श्रीधरचाच आहे... पण मघाशी बोलला तो कोण?" दोन वर्षांनी माई गेल्या. संध्याकाळ झाली की "अजून कोर्टातून आला नाही हा," असं त्या अखेरपर्यंत म्हणत होत्या, आणि तो शेजारी बसलेला असायचा.

कोर्ट सुटलं ते सुटलंच. एकदा तो काळा कोट घालून गेला होता. न्यायाधीश सभ्य होते, समोरचे वकील त्याहून सभ्य होते. सगळे इतक्या शांतपणे, मान तिरकी करून त्याचं ऐकत राहिले की अर्ध्यातच तो म्हणाला, "एवढंच... सांगायचं होतं," आणि खाली बसला. त्याच्या हाताखाली तयार झालेला सतीश आता स्वतःचं ऑफिस चालवत होता. तो घरी आला आणि आर्जवानं म्हणाला, "सर, तुम्ही नुसते अर्ज लिहून द्या, उभा मी राहतो." वहिनींनाही तेच हवं होतं. पण बोलून साक्षीदार खाली उतरवणाऱ्या माणसाला मागच्या खोलीत बसून कागद लिहायला सांगणं... श्रीधरनं नुसती मान हलवली. गावात तर वेगळीच गंमत. त्याला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं लोकांना का कोण जाणे वाटायचं. बाजारात माणसं त्याच्याशी ओरडून, एकेक शब्द तोडून बोलायची. मग तो संध्याकाळी भाट्याच्या खाडीवर जायचा. पोरपणी आम्ही खाडीत तासन् तास पोहायचो. आता गळ्यातल्या भोकात पाणी जायचं भय, त्यामुळे घोटाभर पाण्यात उभा राहून नुसता बघायचा.

मूकबधिर मुलांच्या शाळेत तो गेला तो एका जुन्या कामासाठी. शाळेच्या जागेचे कागद पूर्वी त्यानंच केले होते, त्यातलं काहीतरी मुख्याध्यापिका बाईंना विचारायचं होतं. बाईंची वाट बघत तो व्हरांड्यात बसला. एक लहान मुलगी आली आणि त्याच्यासमोर उभी राहून थेट त्याच्या ओठांकडे बघू लागली. गळ्याकडे नाही, पट्टीकडे नाही, ओठांकडे. त्यानं आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, "नाव काय तुझं?" तिनं घोगऱ्या, सपाट आवाजात आपलं नाव सांगितलं. श्रीधर मला म्हणाला, "बापू... ऑपरेशननंतर पहिल्यांदा... कुणी माझ्याशी बोलताना... दया केली नाही." दुसऱ्या दिवशी काही काम नसताना तो परत गेला. तिसऱ्या दिवशीही.

बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. शिक्षक व्हायचं तर त्यासाठीचं शिक्षण घ्यावं लागेल. शिवाय लहान मुलांना बोलायला शिकवताना मास्तरांच्या गळ्यावर मुलाचा हात ठेवून आवाजाची थरथर दाखवावी लागते, ते तुम्हाला जमणार नाही. तुम्ही मोठ्या मुलांना भाषा शिकवा, खुणा आणि ओठ वाचणं शिकवा. श्रीधर कबूल झाला आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस कोल्हापूरला वर्षभराच्या अभ्यासक्रमाला गेला. वर्गात सगळ्या विशी-बाविशीतल्या मुली. त्या त्याला काका म्हणायच्या आणि खुणांची बोटं चुकली की खुदुखुदू हसायच्या. वहिनी इथे एकट्या. लोक विचारायचे, "वकीलसाहेब दिसत नाहीत?" त्या म्हणायच्या, "बाहेरगावी गेलेत." शाळेत शिकायला गेलेत, हे सांगायला त्यांची जीभ रेटायची नाही. आपल्या नवऱ्याला आता कुणी वकीलसाहेब म्हणणार नाही, हे दुःख त्यांनी गिळलं, पण पचलं नाही. त्या मला एकदाच म्हणाल्या होत्या, "जीव वाचला यात समाधान मानायचं, हे मला कळतं हो भाऊजी. पण माझा नवरा गेला आणि तसाच दिसणारा दुसरा कुणी घरी आला, असं वाटतं कधीकधी."

शाळेतली मुलं त्याला खुणेनं हाक मारायची. गळ्याच्या खळगीवर दोन बोटं टेकवली की 'सर'. तो मुलांना पेपरातल्या बातम्या करून दाखवायचा, पोस्टात नेऊन मनीऑर्डर करायला लावायचा, एस.टी. स्टँडवर पाट्या वाचायला शिकवायचा. बोलताना पूर्वी नुसती भुवई हलवणारा माणूस आता खांदे, हात, गाल सगळं हलवायचा. एकदा मी दाराआडून बघत होतो. तो मुलांना वादळ म्हणजे काय ते दाखवत होता. अंगात वारं शिरलं होतं त्याच्या. मला आनंद झाला आणि तितकंच वाईट वाटलं... हे वीस वर्षं आधी झालं असतं तर, असं मनात आलं. पण वीस वर्षं आधी त्याच्याकडे तो आवाज होता, मग तो इकडे कशाला फिरकला असता?

आता रजनीचं सांगायला हवं. रजनी त्याच्या वर्गातून शिकून बाहेर पडलेली, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. जन्मापासून बहिरी. तिचा बाप चिऱ्याच्या खाणीवर कामाला होता. एके दुपारी ती त्याचा डबा घेऊन गेली. बाकीचे गडी जेवायला लांब झाडाखाली गेले होते, मशीन बंद होतं. तिचा बाप तिच्याकडे चालत येत असताना मागून एक ट्रक उलटा आला आणि तो चाकाखाली गेला. ड्रायव्हरचं म्हणणं, मी हॉर्न देत देत गाडी मागे घेत होतो, म्हातारा आपणहून मध्ये आला. बघणारं माणूस एकच, आणि तिला ना ऐकू येत होतं, ना नीट बोलता येत होतं. कोर्टानं दुभाष्या म्हणून श्रीधरला बोलावलं.

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर गेलो. पायऱ्या चढताना तो थांबला, गळ्याची पट्टी नीट केली. आत जुना शिरस्तेदार उठून उभा राहिला. ड्रायव्हरच्या बाजूनं वकील होता सतीश. त्यानं वाकून नमस्कार केला. जे ऐकीन-बघीन त्याचंच खरं भाषांतर करीन, अशी शपथ श्रीधरनं घेतली आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभा राहिला. आयुष्यभर तो त्या पिंजऱ्याच्या समोर उभा राहिला होता.

रजनीनं सगळं नीट सांगितलं. खुणा स्वच्छ होत्या. श्रीधर तीन-तीन शब्दांत ते मराठीत आणत होता. कोर्ट इतकं शांत होतं की त्याचं हवा गिळणं ऐकू येत होतं. मग सतीश उठला. त्यानं आवाज चढवला नाही. अगदी साधा प्रश्न विचारला.

"तुम्हाला हॉर्न ऐकू आला का?"

श्रीधरनं प्रश्न खुणेत केला. तो करायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. रजनीनं मान हलवली, नाही. पण तिचे हात थांबले नाहीत, ती पुढे भराभर काही सांगू लागली.

"नाही," श्रीधर म्हणाला. "ती पुढे... सांगतेय की..."

"साहेब," सतीश न्यायाधीशांकडे वळून नम्रपणे म्हणाला, "विचारलं तेवढंच उत्तर यावं."

न्यायाधीश म्हणाले, "सर, प्रश्नाचं उत्तर तेवढं सांगा."

रजनीचे हात अजून हवेत होते. त्यानं तिला खुणेनं थांबवलं. मग सतीशनं दुसरा प्रश्न टाकला. "म्हणजे हॉर्न वाजलाच नाही, असं तुम्ही सांगू शकत नाही?" उत्तर आलं, "नाही." सरकारी वकील नवीन होते, फाइलमध्ये डोकं घालून बसले होते. फेरतपासणी करायची का, म्हणजे आपल्या साक्षीदाराला पुन्हा काही विचारायचंय का, असं विचारल्यावर त्यांनी मान वर न करता "नाही" म्हटलं. झालं. रजनी पिंजऱ्यातून खाली उतरली.

तिथून आम्ही मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. श्रीधर म्हणाला, "ती काय सांगत होती... कळलं तुला?" म्हटलं, "नाही बाबा." त्यानं तिच्याच खुणा करून दाखवल्या आणि मग शब्द दिले. "बाबा... माझ्याकडे बघत होते. हसत होते. मागे... वळले नाहीत." मला लगेच उमगलं नाही. तो माझ्यावर चिडला. "अरे, बापाला... ऐकू येत होतं ना! पाठीशी हॉर्न वाजला... तर माणूस... वळून बघेल की नाही? एक प्रश्न, बापू. तुझा बाप... मागे वळला का... एवढा एकच प्रश्न... फेरतपासणीत..." हवा संपली. त्यानं पुन्हा गिळली, पण शब्द येईनात.

मी विचारलं, "मग तू का नाही बोललास?"

"दुभाष्या होतो मी," तो म्हणाला. "शपथ घेतली होती. दुभाष्यानं... प्रश्न विचारायचा नसतो." समुद्राकडे बघत तो बसून राहिला. "आज माझा गळा असता ना..." आजारपणात, ऑपरेशनच्या वेळी, माई गेल्या तेव्हासुद्धा जे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते त्या संध्याकाळी निघालं. आणि मग थोड्या वेळानं म्हणाला, "सतीशचा तो प्रश्न... माझाच आहे. मीच शिकवलाय त्याला. किती माणसांचे हात... असे हवेत ठेवले असतील मी..."

त्यानं सरकारी वकिलांना गाठून तो एक प्रश्न सांगितला. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज करता येईल, हेही सांगितलं. ते "बघतो" म्हणाले. त्यांनी काय बघितलं कुणास ठाऊक. पुढे निकाल लागला. संशयाचा फायदा मिळून ड्रायव्हर सुटला. रजनीची आई ओले काजूगर घेऊन घरी आली. श्रीधर तिच्यासमोर मान खाली घालून उभा होता. ती म्हणाली, "सायबानू, माजी पोर चार मानसांत उभी ऱ्हवली नि बोलली. ताच मोप झाला." तिच्या लेखी ते खरंच पुष्कळ होतं. श्रीधरला मात्र त्याचा दिलासा कधीच वाटला नाही. त्यानंतर बहिऱ्या माणसाचं कुठलंही प्रकरण आलं, चिपळूणला असो की इथे, तो तारखेच्या आधी सरकारी वकिलांच्या घरी जाऊन बसायचा. याला काय विचारायला हवं, काय राहून जाईल, ते सगळं आपल्या तुटक्या शब्दांत सांगून यायचा. दोन-तीन माणसांचं भलं झालं त्यानं. कुणी अभिनंदन केलं की म्हणायचा, "रजनीचं राहिलं." बस्स, एवढंच.

दवाखान्यात शेवटी त्याला हवा गिळायचीही ताकद राहिली नाही. तो नुसते ओठ हलवायचा आणि आम्हाला, अगदी वहिनींनाही, काही कळायचं नाही. पुण्याहून आलेली त्याची मुलगी मेधा कान त्याच्या तोंडाशी न्यायची, पण कानाचा काय उपयोग? एका दुपारी रजनी आली. ती आता शाळेतच शिवणकाम शिकवते. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्याच्या ओठांकडे बघू लागली. मग आपल्या सपाट आवाजात, एकेक अक्षर पारखून म्हणाली, "ऊन... पडदा... काढा." मेधानं पडदा सारला, ऊन त्याच्या हातांवर आलं. वहिनी रजनीचा दंड धरून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "आणखी काय म्हणाले? माझ्याबद्दल काही म्हणाले का?" रजनीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटले होते. तिनं हळूच मान हलवली, नाही. दहा वर्षं त्या दुसऱ्या आवाजाशी जुळवून घेता घेता वहिनींचं जे बोलायचं राहिलं, ते राहिलंच.

तो गेल्यापासून मी संध्याकाळी दुकान लवकर मिटून गडग्याच्या वाटेनं त्यांच्याकडे जाऊन बसतो. मेधा परत गेली, वहिनी एकट्याच असतात. एके काळी त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, ती आमच्या परसात ऐकू यायची. पण श्रीधरला दुसऱ्या खोलीतून ओ देता येईना, आणि मग शाळेतली मुलंही घरी येऊ लागली, तेव्हा त्या घरात हाका मारणं हळूहळू बंद झालं. काही सांगायचं असेल तर उठून जायचं, समोर उभं राहायचं, नजर मिळेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं. परवा मी ओटीवर पेपर उघडून बसलो होतो. वहिनी आतून चालत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला पाऊल ऐकू आलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. मी पेपर खाली ठेवून मान वर केली, तेव्हा माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं, "चहा टाकू?"

आता त्या घरात ऐकू न येणारं कुणी नाही, हाकेला ओ देता न येणारंही कुणी नाही. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मी त्यांच्याकडे बघत, ओठ नीट उघडून म्हटलं, "हो."